गुंडेराव मास्तरांचं पाठमोरं चित्र

गुंडेराव मास्तर भर रस्त्यात थांबले की समजावं, आता एक डोळा मिटणार. आधी डावा मिटायचे, मग उजवा, मग दोन्ही उघडे ठेवून मान जराशी वाकडी करायचे. समोर काय असायचं? बहुतेक वेळा काहीच नाही. दोरीवर वाळत घातलेलं धोतर, उन्हात उभी म्हैस, नाहीतर देवळाच्या पायऱ्या उतरणाऱ्या बायका. मागून टांगेवाला ओरडायचा, "मास्तर, सरका की जरा." मास्तर सरकायचे नाहीत. टांगाच बाजूनं काढावा लागायचा.

मी गणिताची बाई. मला गोष्टी सरळ लागतात. उत्तर आलं तर आलं, नाही आलं तर पाटी पुसावी आणि पुन्हा मांडावं. आणि तुळजापुरात मला शेजार मिळाला तो ह्या माणसाचा, ज्यानं जन्मात कधी पाटी पुसली नाही. आमचे हे तहसिलात कारकून होते. ते म्हणायचे, "तुझं आणि मास्तरांचं भांडण ऐकलं की मला घरी आल्यासारखं वाटतं."

मास्तर मूळचे नळदुर्गचे. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, हैदराबादला जाऊन चित्रकला शिकून आले आणि तुळजापूरच्या मोठ्या शाळेत ड्रॉइंग मास्तर झाले. शनिवारी आमच्या मुलींच्या शाळेतही यायचे. मोगलाई गेली, पण मास्तरांच्या तोंडातली गेली नाही. नको म्हणायचं तर "नक्को", हो म्हणायचं तर "हौ". आणि मुलींना सारखं सांगायचे, "गौर करा, पोरींनो, नीट निरखा, गौर करा. एकदा बघितलेलं बघितलेलं नसतं."

हे त्यांचं पालुपद होतं. लग्न का केलं नाही असं मी एकदा विचारलं, तेव्हाही हेच. म्हणाले, "मुलगी बघायला गेलो होतो, बाई. मान खाली घालून आली, पोहे ठेवून गेली. मी म्हणालो, पुन्हा एकदा दाखवा, एकदा बघितलेलं बघितलेलं नसतं. तिच्या बापानं जोडे हातात दिले."

"बरोबर केलं," मी म्हणाले.

"हौ, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण मुद्दा माझाच खरा होता."

त्यांची चित्रं मला कधी कळली नाहीत. मांजरपाटाचं कापड चौकटीवर ताणायचे, खडू आणि सरस कालवून त्याचा हात द्यायचे आणि वर चित्र काढायचे, इथपर्यंत ठीक. पण ते पुरं झालं की त्याच्याचवर दुसरं. खालचं पुसायचं नाही, झाकायचंही नाही. जवसाच्या तेलात रंग इतका पातळ करायचे की विहीर काढून तिच्यावर बाई काढली, तर बाईच्या पोटातून विहिरीचे दगड दिसायचे. मी म्हणायची, "मास्तर, कापड महाग आहे म्हणून करता का हे?" ते चिडायचे. म्हणायचे, "बाई, तुम्ही ह्या गल्लीतून रोज शाळेत जाता. तुम्हाला आजची गल्ली दिसते का? कालची, परवाची, पावसातली, जत्रेतली, सगळी एकावर एक दिसते. डोळा कधी पुसतो का? मग मी का पुसू?" मला उत्तर सुचायचं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की मला राग येतो.

मोठ्या शाळेच्या पाटीचा किस्सा तर गावभर झाला होता. निजामाच्या वेळची पाटी उर्दूत होती. राज्य गेल्यावर हेडमास्तरांनी सांगितलं, पाटी मराठीत करा. मास्तरांनी वर पांढरा हात दिला आणि सुरेख वळणदार मराठी अक्षरं काढली. सगळे खूष. पुढं ऊनपावसानं वरचा रंग झिजला, आणि एका उन्हाळ्यात भर दुपारी मराठी अक्षरांच्या मधून उर्दू अक्षरं हळूच डोकं वर काढायला लागली. हेडमास्तर लालबुंद झाले. "मास्तर, खरवडून का नाही काढलं? लोक म्हणतील, मोगलाई परत आली."

"गेली कुठं होती?" मास्तर म्हणाले. "खाली होती. खालचं मरत नसतं, साहेब. दबतं, आणि वरचं पातळ झालं की येतं वर."

हेडमास्तरांनी सोलापूरचा पेंटर बोलावून जाड थर मारून घेतला. मास्तर रोज पाटीखालून जाताना तिच्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघायचे.

देवळाच्या रस्त्यावरच्या एका तसबिरीवाल्यानं त्यांना देवीचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हाही तीच गत. नवरात्रात देवीला रोज वेगळी पूजा बांधतात. मास्तर रोज पहाटे जाऊन बघून आले आणि त्या सगळ्या पूजा एकाच कापडावर, एकीवर एक काढल्या. दुकानदारानं चित्र उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाला, "मास्तर, देवी लई भारी हाय, पण गिऱ्हाइकाला वाटंल आपलंच डोळं आल्यात." चित्र परत आलं. दोन दिवसांनी मास्तर माझ्याकडं चहा प्यायला आले आणि कपाकडं बघत म्हणाले, "बाई, एका माणसाला तरी दिसावं हो. जास्त नक्को. एकाला." त्यांना असं बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मला वाईट वाटलं, पण मी तरी काय करणार? मलाही ते दिसत नव्हतं.

शांताच्या लग्नाची गोष्ट ह्याच्या पुढच्या वर्षीची.

आमच्या समोरच्या घरात कृष्णाबाई राहायच्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. तामलवाडीचं मोठं शेतकरी घराणं, बायकांचा गोशा, म्हणजे पडदा, पाळणारं. नवरा पटकीच्या साथीत गेला तेव्हा अक्का विशीच्या आत होत्या आणि शांता पाळण्यात. शेती दीर अंबादासराव बघायचे. शांता शिकावी म्हणून अक्का तिला घेऊन तुळजापुरात राहिल्या. शांता माझी विद्यार्थिनी, हुशार, आणि हट्टी तर विचारू नका. तिचं लग्न अणदूरच्या एका घरात ठरलं.

त्यांच्या घरची चाल अशी की हळदीच्या दिवशी देवक बसवताना गेलेल्या माणसाच्या नावानं पाटावर सुपारी मांडायची आणि तिच्या पाया पडायचं. शांतानं ऐन वेळी सांगितलं, सुपारीच्या पाया पडणार नाही.

"चालच हाय ती," अंबादासराव म्हणाले.

"सुपारीला तोंड असतंय का, काका? मी बापाचं तोंड बघितलेलं न्हाय. एकदा बघू द्या आणि मग द्या मला लावून."

पण दाखवणार काय? त्यांचा फोटो नव्हता. तेव्हा तामलवाडीत फोटो कोण काढत होतं? शांता सरळ मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिली. "मास्तर, माझा बाप काढून द्या." मास्तरांनी एक डोळा मिटून तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हौ."

मी त्यांना म्हणाले, "मास्तर, तुमची थेरं इथं नकोत. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. एक सरळ चेहरा काढा." त्यांनी तोवर कापड ताणायला घेतलं होतं.

मास्तरांनी माणसं विचारायला सुरुवात केली. अंबादासराव म्हणाले, "दादाचं तोंड गोल, माज्यासारखंच." मास्तरांनी गोल चेहरा काढला. तामलवाडीचा म्हातारा न्हावी म्हणाला, "गोल कुठलं? हनुवटी निमुळती, वस्तऱ्याला ठावं." मास्तरांनी गोलावर निमुळती काढली. गावातली एक म्हातारी चुलती म्हणाली, कपाळ आजोबांचं. ते त्याच्यावर चढलं. कापडावर गर्दी होत चालली. मग राहिल्या अक्का. एका परक्या पुरुषासमोर त्यांनी एकट्यानं बसणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी सोबतीला बसायची.

"अक्का, नाक कसं होतं?" मास्तर विचारायचे.

"सरळ."

"डोळे?"

"मोठं."

"ओठ?"

"असंच. चारचौघांसारखं."

मास्तर ब्रश खाली ठेवायचे. बाहेर आल्यावर मला म्हणायचे, "बाई, हे वर्णन बाजारातल्या कुठल्याही माणसाचं आहे. ह्या काहीतरी लपवतायत." मला त्यांचा राग यायचा. विधवा बाईला उलटतपासणीला बसवल्यासारखं चाललं होतं. अक्का दिवसेंदिवस सुकत होत्या. इकडं हळद जवळ येत होती आणि शांता रोज संध्याकाळी चित्राकडं बघून तशीच परत जायची. कापडावर माणूस कुठं होता? नाकंडोळे नुसते एकमेकांत मिसळले होते.

एका दुपारी अक्कांबरोबर मी लग्नाची डाळ निवडत होते. निवडता निवडता त्यांचा हात थांबला.

"बाई, एक सांगते. कुणाला सांगू नका. मला त्येंचं तोंड ठावं न्हाय."

मला वाटलं, विसरल्या असतील. म्हणाले, "इतकी वर्षं झाली, माणूस विसरतंच."

"इसरायला आधी बघावं लागतंय," त्या म्हणाल्या. "सासू, सासरा, जावा, भरलं घर. त्येंच्या म्होरं मान वर करायची न्हाय, पदर नाकापातूर. रातीला दिवा नसायचा, दिसा मान वर नसायची. तीन सालं संसार झाला. म्या त्येंच्या तोंडाकडं एकदा सुदीक सरळ बघितलं न्हाय. वाटलं, व्हतंय की, उमर पडलीय. आन् आता पोर म्हनती, बाप दाव. म्या कुठनं दावू? लोकं म्हनतील, कसली बायकू ही." आणि त्या रडायला लागल्या. मीही रडले. मला काय रडायचं कारण होतं? माझा नवरा तर रोज समोर बसून जेवतो. पण रडले.

कुणाला सांगू नका म्हणाल्या होत्या, तरी मी त्यांनाच विचारून मास्तरांना सांगितलं. मला वाटलं, आता हे हात टेकतील. ते उठून उभे राहिले, खोलीत फेऱ्या मारल्या आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "मी गाढव आहे, बाई. सवालच चुकीचा विचारला. त्यांना चेहरा मागत बसलो. त्यांनी जे बघितलं ते मागायला पाहिजे होतं."

तसेच समोर गेले. उंबऱ्याबाहेर बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "अक्का, तोंड राहू द्या. पदराखालून काय काय दिसायचं, तेवढं सांगा."

आणि आठवडाभर तीन शब्दांपलीकडं न बोललेल्या अक्का दिवस कलेपर्यंत बोलत राहिल्या. टाचा. काळ्या रानासारख्या भेगा पडलेल्या, आणि डाव्या टाचेवर विळ्याचा वण. जेवताना भाकरीची कड शेवटपर्यंत राखून ठेवणारा हात. ती कड ते ताटात सोडून उठायचे, कारण त्याच ताटात अक्का जेवायला बसायच्या आणि अक्कांना कड आवडते हे नवऱ्याला कसं कुणास ठाऊक, पण कळलं होतं. फेट्याचा मागं सुटलेला शेव. मानेवर, केसांच्या खाली, एक तीळ. "भायेर जाताना पाठ असायची ना म्होरं," अक्का म्हणाल्या, "तवा बघायची म्या. पाठीकडं बघितलं तर कोन बोलतंय? दाराची चौकट ठेंगणी व्हती. जाताना वर हात लावायचं आन् वाकायचं. थोडं थांबायचं तिथं. मला वाटायचं, माज्यासाठीच थांबत्यात."

मास्तरांनी काही लिहून घेतलं नाही. नुसते ऐकत होते. घरी परतताना मला म्हणाले, "बाई, ह्या बाईनं माझ्यापेक्षा जास्त गौर केलाय."

नवं कापड घ्या म्हटलं तर ऐकेनात. त्याच चेहऱ्यांच्या गर्दीवर त्यांनी ती पाठ काढली. दारातून बाहेर निघालेला माणूस, चौकटीला टेकलेला हात, उचललेली टाच, फेट्याचा शेव, मानेवरचा तीळ. पलीकडं नुसतं ऊन. आणि सगळ्यावर अगदी पातळ, इरकली लुगड्याचं विणकाम. उभे आडवे धागे, जणू बघणाऱ्याच्याच तोंडावर पदर आहे. मी गणिताची बाई, पण त्या दिवशी मी माझ्या नकळत तोंडावरून हात फिरवला, पदर बाजूला सारायला.

हळदीच्या दिवशी चित्र आलं, आणि अंबादासराव बिघडले. चूक त्यांची तरी कशी म्हणावी? म्हणाले, "मास्तर, मुखडा सांगितला व्हता. ही पाठ हाय. पाटमोऱ्या माणसाची पूजा करत्यात व्हय? घर सोडून चालल्यागत दिसतंय. आज शुभकार्य हाय." बाया कुजबुजल्या. भटजी म्हणाले, शास्त्रात असं बघितलेलं नाही. शांता हळदीच्या अंगानं चित्रासमोर उभी होती, तिला रडावं की भांडावं कळत नव्हतं. मास्तर कोपऱ्यात. इतका भांडखोर माणूस, पण भिंतीला लागून उभा. माझ्याकडं बघत होते, आणि मला त्यांची नजर झेलवत नव्हती.

"सुपारी आना," अंबादासराव म्हणाले.

तेवढ्यात आतून अक्का आल्या. विधवा म्हणून त्या देवकाच्या खोलीत आल्या नव्हत्या, गोंधळ ऐकून दारापर्यंत आल्या. चित्र त्यांनी आधी बघितलंच नव्हतं. त्यांची नजर पाटाकडं गेली, आणि त्यांचा हात आपसूक डोक्यावर गेला. पदर धरला, कपाळावरून खाली, नाकापर्यंत ओढला, आणि त्या अंग चोरून चौकटीच्या आड अर्ध्या सरकल्या. भरल्या घरात नवरा समोर आला की नवी सून उभी राहते तशा. ही बाई इतकी वर्षं एकटीनं घर चालवत होती, बाजार करत होती, गड्यांना दमात घेत होती. आपण काय केलं हे त्यांना स्वतःला कळलंसुद्धा नव्हतं.

अंबादासराव त्या पदराकडं बघत राहिले. त्यांनी वहिनीला असं उभं राहिलेलं शेवटचं कधी बघितलं होतं, ते त्यांनाच ठाऊक. मग त्यांनी तोंड भिंतीकडं केलं आणि म्हणाले, "दादाच हाय. ठिवा पाटावर."

शांता पाया पडली. जाताना मला म्हणाली, "बाई, बापाला बघायचं म्हणून हट्ट केला, आणि मला आई दिसली." चित्र तिनं अणदूरला नेलं नाही. आईपाशीच ठेवलं.

मास्तर त्या संध्याकाळी चहाला आले. साखर जास्त मागितली. मी म्हणाले, "झालं ना मनासारखं? एकाला दिसलं." ते म्हणाले, "हौ," आणि बशीत चहा ओतून गार होईपर्यंत नुसते बघत बसले.

पुढं महाराष्ट्र झाला, मास्तर नोकरीतून सुटले आणि नळदुर्गला परत गेले. शेजारी नवे लोक आले, सरळ लोक. त्यांच्याशी भांडायला विषयच सापडायचा नाही.

बऱ्याच वर्षांनी एका उन्हाळ्यात अक्कांनी मला समोर बोलावलं. "बाई, हिकडं या. ह्यात काय दिसतंय सांगा." चित्र खिडकीसमोर टांगलेलं होतं. मला आधी वाटलं, चुलीच्या धुरानं काळवंडलं असेल. मग दिसलं. वरचा रंग पातळ झाला होता, लुगड्याचे धागे विरले होते, आणि फेट्याच्या मागून, त्या पाठीमधून, एक चेहरा हळूहळू वर येत होता. माणूस दारातून निघालाही होता आणि वळून बघतही होता.

मी दुसऱ्याच दिवशी नळदुर्गची मोटार धरली. मास्तर किल्ल्याच्या अंगाच्या गल्लीत, घरासमोर बाजेवर बसले होते. पार वाळले होते. मला बघून त्यांनी आधी डावा डोळा मिटला, मग उजवा. म्हणाले, "बाई, तुम्हीच आहात."

मी सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "यायचाच होता. खालचं मरत नसतं. पण कुणाचा आला? दिराचा गोल, की न्हाव्याचा निमुळता?"

"कळत नाही. सगळ्यांचा मिळून एक झालाय. शांताचा पोरगा तसाच दिसतो म्हणतात."

"आणि अक्का?" त्यांनी विचारलं. "पदर ओढतात अजून?"

"नाही," मी म्हणाले. "काम आटोपलं की पाट घेऊन समोर बसतात. डोक्यावर पदर असतो, पण मान वर असते. सरळ तोंडाकडं बघत बसतात."

मास्तर चहा करतो म्हणाले आणि आत जायला उठले. मला तर ते पाठमोरेच जास्त आठवतात. खांद्यावर रंगाचे डाग पडलेला तोच जुना सदरा होता. उंबऱ्यापाशी ते थांबले, आणि वळले. डोळे पाण्यानं भरले होते, आणि ह्या खेपेला त्यांनी एकही डोळा मिटला नाही.

"बाई," ते म्हणाले, "मान वर असते म्हणालात ना? पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.